खरी साक्ष कोणती?

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास मीं निबंधासाठीं एक विषय दिला होता : "माझी श्रद्धा व माझें रोजचें जीवन." अडतीस वह्या गोळा झाल्या. त्या घरीं नेऊन तपासूं लागलों, तों पहिल्या दहाबारा वह्यांतच माझ्या ध्यानांत आलें कीं, वही बदलली तरी निबंध बदलत नाहीं. प्रत्येकानें पहाटे उठून प्रार्थना केली होती, प्रत्येकास प्रार्थनेनंतर शांति मिळाली होती, प्रत्येकाचीं संकटें दूर झालीं होतीं, आणि शेवटच्या ओळींत प्रत्येकानें देवाचे आभार मानले होते. आमच्या शाळेंत ख्रिस्ती मुलें थोडीं; हिंदु, मुसलमान, बौद्ध व जैन मुलें अधिक. परंतु देवाचें नांव तेवढें बदलून सर्वांनीं एकच निबंध लिहिला होता. शुद्धलेखन बरें होतें. मी गुण देत गेलों.

एकोणतिसाव्या कीं तिसाव्या वहीशीं मात्र मी थांबलों. तो निबंध अर्ध्या पानाचाच होता. त्या मुलाचें नांव मी सांगणार नाहीं; तो ख्रिस्ती घरांतील आहे, एवढें सांगतों. त्यानें लिहिलें होतें कीं, सायंकाळच्या कौटुंबिक उपासनेच्या वेळीं तो डोळे मिटतो, पण त्याचें लक्ष दाराकडे असतें. कारण उधारी मागण्यासाठीं वाणी नेमका त्याच वेळीं येतो. वडील प्रार्थना लांबवितात, ती भक्तीनें लांबवितात कीं वाण्यानें कंटाळून परत जावें म्हणून लांबवितात, हें त्यास कळत नाहीं. आणि खालीं पेन्सिलीनें, बारीक अक्षरांत, एक प्रश्न होता : "सर, खरें लिहिलें तर गुण कापतात का?"

हा प्रश्न समासांत लाल शाईचे दोन शब्द लिहून मिटण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर नीट द्यावें म्हणून हा लेख लिहीत आहें. मुलाची व त्याच्या वडिलांची संमति घेऊनच हें छापावयास दिलें आहे. ती कशी मिळाली तें शेवटीं सांगेन.

न्यायालयांत साक्षीदारास जें दिसलें, जें ऐकूं आलें, तेवढेंच सांगावयाचें असतें. जो वकिलानें शिकविलेलें बोलतो त्यास आपण पढविलेला साक्षीदार म्हणतों, आणि उलट तपासणींत तो दुसऱ्यातिसऱ्या प्रश्नालाच घसरतो. ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणें' असें जें म्हणतात तें ह्याच अर्थानें. उपासनेंत किंवा प्रार्थनासभेंत एखादा भाऊ किंवा एखादी बहीण उभी राहून, देवानें आपल्या आयुष्यांत काय केलें तें सर्वांपुढें सांगते. ज्यांच्या घरीं ही चाल नाहीं त्यांनीं हें एवढें ध्यानांत घ्यावें, म्हणजे पुढील मजकूर कळण्यास अडचण पडणार नाहीं.

ह्या सांगण्यास फार दिवसांपासून एक ठराविक घाट आलेला आहे. आधीं अंधार, मग एक वळण, मग उजेड. हा घाट कोणी लबाडीनें रचिला असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. प्रेषित पौलाची दिमिष्काच्या वाटेवरील हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकांत तीन वेळां, म्हणजे ९, २२ व २६ ह्या अध्यायांत, आली आहे, आणि तिचा घाट हाच आहे. एकोणिसाव्या शतकांत मिशनरी मंडळींस आपल्या कामाचे वृत्तांत समुद्रापलीकडे धाडावे लागत. तेथें पै-पैसा बाजूस टाकून वर्गणी देणारीं साधीं माणसें अशा गोष्टी वाचून धीर धरीत. त्यामुळें घाट पक्का होत गेला. दोष घाटाचा नाहीं. अडचण ही कीं, उजेड पडल्यानंतर पुढें काय झालें, तें ह्या घाटांत मावत नाहीं. दिमिष्काची वाट एकदां संपते. पुढें सोमवार येतो, मंगळवार येतो, वाणी येतो.

मी स्वतः ह्याच सांच्यांतून निघालेला माणूस आहें. पंचवीस वर्षांचा असतांना आमच्या गांवच्या मंडळींत मीं साक्ष दिली. प्रभूनें माझा राग काढून घेतला, असें मीं सांगितलें. सांगतांना आवाजहि थोडा भरून आला. त्या वेळीं विहिरीच्या पाळीवरून थोरल्या भावाशीं माझा अबोला होता, आणि त्यास चार महिने होऊन गेले होते. दादा तिसऱ्या बांकावर बसला होता. माझें बोलणें अर्ध्यावर आलें तेव्हां तो हळूच उठून बाहेर गेला. मंडळीनें 'आमेन' म्हटलें. उपासना संपल्यावर मी बाहेर येऊन पाहतों, तों दादा चिंचेखालीं उकिडवा बसून माझ्या सायकलची उतरलेली सांखळी बसवीत आहे. तो कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. त्यानें धोतराच्या सोग्यास हात पुसले व तो घराकडे चालूं लागला. पाळीचा तंटा पुढें दोन वर्षांनीं मिटला, आणि तोहि माझ्या साक्षीनें नव्हे. गांवांत कालव्याचें पाणी आलें म्हणून मिटला.

पवित्र शास्त्र उघडून पाहिलें तर तें ह्या बाबतींत आपल्यापेक्षां पुष्कळ धीट आहे. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत. त्यांतील सुमारें तिसरा हिस्सा विलापाचा आहे. गाणारा देवास विचारतो, तूं कोठें आहेस, आणखी किती दिवस तोंड लपविणार. कोठें कोठें तो वैऱ्यास शाप देतो, आणि ते शापहि कोणीं खोडले नाहींत. ८८ वें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. त्याच्या शेवटीं आशेची एक ओळ जोडून द्यावी, असें संग्रह करणाऱ्यांस वाटलें नाहीं. पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं आपल्या गुरूस तीन वेळां नाकारलें, ही गोष्ट चारहि शुभवर्तमानांत आहे. ज्या मंडळीचा तो पुढारी झाला तिनेंच ती जपून ठेविली! आमच्याकडील एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथांत अशी गोष्ट छापली गेली असती कीं नाहीं, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

मार्काच्या ९ व्या अध्यायांत एक बाप आपल्या आजारी मुलास प्रभूकडे घेऊन येतो. तो एका श्वासांत म्हणतो कीं माझा विश्वास आहे, आणि त्याच श्वासांत आपल्या अविश्वासावर उपाय मागतो. आधीं अविश्वास घालवून ये, मग पाहूं, असें त्यास सांगण्यांत आलें नाहीं. मुलगा बरा करून त्याच्या हवालीं केला. मला ह्या बापाविषयीं फार आपुलकी वाटते. पेन्सिलीनें प्रश्न लिहिणारा आमचा विद्यार्थी ह्याच माणसाच्या मागें रांगेंत उभा आहे, असें मी समजतों.

पाश्चात्यांत आत्मनिवेदनाचा पाया ऑगस्टीन ह्यानें घातला. तो उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते ह्या गांवीं इसवी सन ३५४ मध्यें जन्मला, ३८७ सालीं मिलान शहरीं त्यानें बाप्तिस्मा घेतला, आणि बिशपाच्या पदावर असतांना त्यानें आपले कबुलीजबाब लिहिले. त्यांत पोरवयांतील एक चोरी आहे. सोळा वर्षांचा असतांना सोबत्यांबरोबर रात्रीं जाऊन त्यानें कोणाच्या तरी झाडाच्या नासपत्या चोरल्या. भूक नव्हती, घरीं ह्याहून चांगलीं फळें होतीं, बहुतेक चोरलेलीं फळें डुकरांपुढें टाकून दिलीं. चोरण्यांतच गोडी होती, हें तो लिहितो व त्यावर पानेंच्या पानें विचार करितो. मुलांनो, ह्यांत तुम्हांस नवल वाटण्यासारखें कांहीं नसेल. शाळेमागील पेरूच्या झाडाचा इतिहास मलाहि ठाऊक आहे.

पण हा खरेपणा शिकण्यास आपणांस आफ्रिकेपर्यंत जावें लागत नाहीं. मराठींत तर तो जुन्या काळापासूनच आहे. तुकोबांनीं आपलें मोडलेलें दुकान, दुष्काळांत अन्नावांचून गेलेली पत्नी, गांवांत झालेली अप्रतिष्ठा, हें सर्व अभंगांतून देवापुढें व लोकांपुढें उघडें मांडलें. कवि नारायण वामन टिळक म्हणत कीं, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. टिळकांचीं भजनें आमच्या मुलांस पाठ आहेत. आज मला सांगावयाचें आहे तें त्यांच्याविषयीं नव्हे. त्यांच्या घरांत चूल पेटविणाऱ्या बाईविषयीं.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३७ ह्या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या. शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनीं पुरा केला. देवदत्तांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, व त्यासाठीं आठवणी लिहून काढण्यास त्यांनीं आईस सांगितलें होतें. चरित्राची सामग्री म्हणून जें लिखाण सुरू झालें, तें मराठींतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र होऊन बसलें. आणि लिहिणारी कोण? १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें जन्मलेली, शाळेचें तोंड न पाहिलेली, अकराव्या वर्षीं लग्न होऊन सासरीं गेलेली एक बाई. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

त्यांच्या माहेरीं सोवळें विलक्षण कडक होतें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून वडील ती घरांत घेऊं देत नसत. पाणी म्हणजे धर्म व शिवाशीव म्हणजे अधर्म, हा धडा मुलीस आईच्या दुधाबरोबरच मिळाला. आणि अशा मुलीच्या नवऱ्यानें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं लक्ष्मीबाई आप्तांकडे होत्या. पदरीं लहान मुलगा होता. नवराबायकोची सुमारें पांच वर्षें ताटातूट झाली.

ठराविक घाटाची लेखिका असती तर हीं पांच वर्षें तिनें 'अंधार' ह्या एका शब्दांत गुंडाळलीं असतीं. लक्ष्मीबाईंनीं तसें केलें नाहीं. आपला आक्रोश, नवऱ्यावरचा राग, आल्यागेल्यांचीं टोंचून बोलणीं, आणि ह्या सर्वांखालीं नवऱ्याची न तुटणारी ओढ, हें सारें त्यांनीं लिहिलें; आणि लिहितांना स्वतःचेंच हंसें करून घेण्याची एकहि संधि सोडली नाहीं. पुढें त्या नवऱ्याकडे परत आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठीं आल्या नाहींत, नवऱ्यासाठीं आल्या. एका संसारांत दोन व्यवहार सुरू झाले. त्यांचा स्वयंपाक निराळा, त्यांचें पाणी निराळें. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यांत. ह्या स्थितींतून त्यांस कोणा उपदेशकानें वादांत हरवून बाहेर काढिलें नाहीं. हा विटाळ देवानें निर्माण केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच आपल्या मनास घातला; मनानें उत्तर दिलें, आणि त्यांनीं जातिभेद टाकला. त्यानंतर, १९०० सालीं, राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आधीं सुटला, आणि बाप्तिस्म्याचें पाणी मागाहून आलें.

ह्या ठिकाणीं मला माझ्या आईची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यांत (आतां त्यास अहिल्यानगर म्हणतात) ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुतेक महार व मांग समाजांतील लोकांच्या. आमचें घराणें त्यांपैकींच. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचें पाणी घेत नव्हत्या, त्यांत माझ्या पणजीसारखीं माणसें होतीं. आईस वाचतां येत नसे. मीं महाविद्यालयांत असतांना सुटींत तिला 'स्मृतिचित्रें' वाचून दाखविलीं. निराळ्या पाण्याचा भाग आला तेव्हां मला संकोच वाटूं लागला, व ती पानें गाळून पुढें जावें असें मीं मनांत योजिलें. आईच्या तें लक्षांत आलें. "वाच कीं, थांबलास का?" मीं वाचलें. ती निवडीत असलेलें ताट मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाईनं लपवलं न्हाई. लपवलं असतं तर आपुन त्या घराच्या दारात उभं व्हतो, हेच कुनाला कळलं नसतं."

पुस्तकाविषयीं विद्वानांनीं लिहिलेलें मीं पुष्कळ वाचलें आहे. पण खरें लिहिण्यानें काय साधतें, ह्याचा एवढा उलगडा मला दुसरीकडे मिळाला नाहीं. आपण पहिल्यापासून उदार होतों, आपल्या मनांत भेद कधीं नव्हताच, असें लक्ष्मीबाईंनीं लिहिलें असतें तर त्या वाचकांस अधिक पवित्र वाटल्या असत्या. परंतु ज्यांस त्या भेदाचे चटके बसले ते लोक त्या पुस्तकांतून नाहींसे झाले असते. आपली चूक झांकितांना आपण बहुधा दुसऱ्याचें दुःखहि झांकून टाकितों.

बाप्तिस्म्यानंतरहि त्यांचें पुस्तक उजेडाच्या सरळ रेषेंत चालत नाहीं. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. दारीं आलेलें पोरकें पोर घरचें होऊन जाई. राग आला म्हणजे कवि घर सोडून चालूं लागत. टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजांत त्यांस संताचा मान होता. अशा पुरुषाच्या विधवेनें त्याचा तापट स्वभाव पडद्याआड ठेवावा, अशीच जगाची रीत. लक्ष्मीबाईंनीं तो ठेविला नाहीं. आश्चर्य हें कीं, त्यामुळें टिळक लहान झाले नाहींत. भांडणाचें पान वाचून झाल्यावर त्यांच्या दयेचें पान येतें, आणि तें खरें वाटतें. कारण आधींचें पान ज्या हातानें लपविलें नाहीं, तोच हात हेंहि लिहीत आहे, अशी वाचकाची खात्री झालेली असते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळ्या जातीची. त्या विदुषी, संस्कृतांत वाद करणाऱ्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां येथील वर्तमानपत्रांत केवढें काहूर उठलें! त्यांच्या धर्मांतरावर तुटून पडणारे एका बाजूस, आणि तें मिरवूं पाहणारे दुसऱ्या बाजूस. अशा बाईनें १९०७ सालीं आपली साक्ष इंग्रजींत प्रसिद्ध केली, आणि तींत मोकळेपणानें सांगितलें कीं, मीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त मला सांपडला तो त्यानंतर आठ वर्षांनीं. विचार करून पाहा. विरोधकांच्या हातीं ह्याहून धारदार शस्त्र कोणतें द्यावयाचें? आणि ज्यांनीं बाप्तिस्मा दिला त्यांस तरी हें वाचून काय वाटलें असेल? वाँटेज येथील धर्मभगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्यांत मोठमोठे धर्मसिद्धांत आहेत, तसा जेवणाचा प्रश्नहि आहे. रमाबाई शाकाहारी होत्या, व ख्रिस्ती झाल्यावरहि शाकाहारीच राहिल्या. तो कांहींस अहंकार वाटला, तर त्यांस ती आपली स्वतंत्रता वाटली. श्रद्धेचा आणि ताटांतील पदार्थांचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. माझ्या मतें, ताटापर्यंत न पोंचणारी श्रद्धा शोधूनहि सांपडावयाची नाहीं.

एवढें सांगितल्यावर एक सावधगिरीचा शब्द लिहिणें प्राप्त आहे. कारण अर्धें ऐकून पळत सुटणारे विद्यार्थी माझ्या परिचयाचे आहेत. खरें लिहिणें म्हणजे घरचीं लक्तरें वेशीवर टांगणें नव्हे. लक्ष्मीबाई दुसऱ्याचा दोष सांगण्यापूर्वीं स्वतःचा सांगतात, आणि तो अधिक विस्तारानें सांगतात. ऑगस्टीनानें चोरीची कबुली दिली ती आपल्या चोरीची. सोबत्यांचीं नांवें त्यानें लिहिलीं नाहींत. आमच्या विद्यार्थ्यानें वडिलांविषयीं लिहिलें, पण पहिलें वाक्य स्वतःविषयीं होतें : डोळे मिटलेले असतात आणि लक्ष दाराकडे असतें. वडिलांविषयीं त्यानें आरोप केला नाहीं. 'कळत नाहीं' असें लिहिलें. चवदा वर्षांच्या मुलास ही मर्यादा कोणीं शिकविली असेल? मीं तर नाहीं.

दुसरी एक गोष्ट पालकांसाठीं. श्रद्धा लटपटली हें कबूल करणें म्हणजे श्रद्धा सोडणें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. म्हणून मुलांसमोर आपण नेहमीं पक्कें असल्याचें दाखवितों. मुलें एका पडवींत, एका दिव्याखालीं आपल्याबरोबर राहतात. पगाराची तारीख, औषधाचें बिल, आजीचें दुखणें, आत्याशीं झालेला बेबनाव, हें सर्व त्यांस ठाऊक असतें. प्रार्थनेंत मात्र ह्यांतील एकाचाहि उल्लेख नसतो. तेथें 'सर्व राष्ट्रांवर व राज्यकर्त्यांवर कृपा कर' एवढेंच येतें. मग मूल असें धरून चालतें कीं, देवाशीं बोलावयाची भाषा निराळी आणि घरांतील भाषा निराळी. आणि निबंध लिहावयास सांगितला म्हणजे तें आपलें त्या पहिल्या भाषेंत लिहून मोकळें होतें. त्या अडतीस वह्यांतील सदतीस निबंध मुलांनीं लिहिले असें मला वाटत नाहीं. ते आम्हीं मोठ्यांनीं लिहिले.

आतां गुणांविषयीं. त्या निबंधास मीं दहापैकीं आठ गुण दिले. दोन कापले, ते 'प्रार्थना' हा शब्द दोन ठिकाणीं अशुद्ध होता म्हणून. मुलानें वही परत घेतांना गुणांकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, व तो कांहीं न बोलतां जाग्यावर जाऊन बसला.

ह्या वार्षिकासाठीं लेख लिहावयाचें ठरलें तेव्हां मीं त्यास बाजूस बोलावून विचारलें. तो बराच वेळ बुटाच्या टोंकानें जमीन उकरीत उभा राहिला. मग म्हणाला, "बाबांना दाखवा, सर. पण मी घरीं नसतांना दाखवा." त्याप्रमाणें दिवाळीपूर्वीं एका सायंकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. वडील गवंडीकाम करितात; नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. आईनें चहा ठेविला. वही पुढें करितांना माझा हात कांपला, हें मी येथें लपवीत नाहीं. त्यांनीं उभ्यानेंच वाचलें, मग बसून पुन्हा एकदां वाचलें. बोटांच्या भेगांत चुना होता, म्हणून पान उलटतांना ते वहीस जपत होते.

"गुण किती दिले, सर?"

"आठ."

"बरे दिले." थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन्ही खरं आहे, सर. पहिली दहा मिनिटं देवासाठी असतात. पुढची वाण्यासाठी."

आंतून आईचा हंसण्याचा आवाज आला. मग त्यांसहि हंसूं आवरेना. मीं छापण्याविषयीं विचारलें. ते म्हणाले, "छापा. आमचं नांव नको. वाण्याचंहि नको, तो काही वाईट माणूस नाही, त्यालाही पोरंबाळं आहेत."

इतक्यांत मुलगा घरीं आला. वही माझ्या मांडीवर पाहून तो दारांतच थबकला, पण वडिलांनीं त्यास नेहमींप्रमाणें पवित्र शास्त्राचें पुस्तक फळीवरून काढण्यास सांगितलें. मीहि उपासनेस बसलों. एक गीत झालें, वाचन झालें, आणि वडील प्रार्थना करूं लागले. त्या दिवशीं त्यांनीं राष्ट्रांचीं व राज्यकर्त्यांचीं नांवें घेतलीं नाहींत. ठेकेदाराकडे दोन आठवड्यांची मजुरी अडकली आहे, असें त्यांनीं सांगितलें, आणि ते पुढें बोलणार तोंच दारावर थाप पडली.

प्रार्थना अजून संपली नव्हती. मीं डोळे किलकिले करून पाहिलें. मुलगा उठला, त्यानें दार उघडलें, आणि कोपऱ्यांतील पाट आणून वाण्यास बसावयास दिला. वाण्यानें वहाणा बाहेर काढल्या, टोपी हातांत घेतली, आणि 'आमेन' होईपर्यंत तो आमच्याबरोबर खालीं मान घालून बसला.